थोरल्या सरदारांचं पथ्य

१४ मार्च, ऑकलंड

डॉक्टरीणबाईंनी मला दोन वस्तू दिल्या: हृदयाच्या नळ्यांत दोन स्प्रिंगा आणि हातात एक वही. स्प्रिंगा मनगटातून आत घातल्या, मला कळलंसुद्धा नाही. वही मात्र चांगलीच बोचते आहे. रोज काय खाल्लं, किती चाललो, छातीत दुखलं का, ते सगळं तिच्यात लिहायचं आणि गावाकडच्या नर्सला दाखवायचं. जी वही दुसरा कुणी वाचणार तिच्यात माणूस खरं कसं लिहील? म्हणून भाच्याला पाठवून ही दुसरी आणवली. ती नर्सची, ही माझी.

तर झालं काय ते आधी लिहून ठेवतो. अठरा फेब्रुवारीला आमच्या बेटावरच्या फालेतोआ गावच्या सरदारांची सभा भरली होती. आम्ही चौदा सरदार, त्यांत मी, मालुआफिती, थोरला. विषय मोकाट डुकरांचा. बोलता बोलता छातीवर कुणी नीरफणसांचं पोतं ठेवावं तसं झालं आणि माझं वाक्य मधेच तुटलं. आमच्याकडे थोरला सरदार बोलताना थांबला तर दुसरा कुणी चकार शब्द काढत नाही. तो विचार करतोय असं धरून चालतात. मी घामानं निथळत खांबाला टेकलो होतो आणि तेरा सरदार माना खाली घालून माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत होते. अकरा मिनिटं! शेवटी बाहेरून माझी बायको फिलोई ओरडली, "अहो शहाण्यांनो, ते विचार नाही करत, ते मरतायत!" मग माझा चुलतभाऊ लेआसू यानं मला पाठीवर टाकलं आणि दवाखान्यात नेलं. तिथे रक्ताची गुठळी विरघळवायची सुई, मग बोटीनं राजधानीला, आपियाला, आणि चार दिवसांनी विमानानं इथे.

सभेचा म्हातारा वक्ता तौफाले म्हणे लोकांना सांगत फिरतोय, की मोकाट डुकरांवर इतकं परिणामकारक भाषण त्यानं पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं.

२२ मार्च, ऑकलंड

आज पथ्याची यादी मिळाली. खारवलेलं मांस बंद. डुकराची चरबी बंद. टर्कीची शेपटं बंद. नारळाचं घट्ट दूध बंद. पिसुपो तर डोळ्यांनीसुद्धा बघायचं नाही, असं बाई म्हणाल्या. पिसुपो म्हणजे डब्यातलं मांस. ज्यानं ते गरम नीरफणसाबरोबर खाल्लं नाही त्याला मी काय सांगणार?

"रविवारी पण?" मी विचारलं.

"हृदयाला रविवारची सुट्टी असते का?" बाई म्हणाल्या. "हे बघा, झटक्यातून वाचणं हे निम्मंच काम. ते आम्ही केलं. उरलेलं निम्मं तुमच्या ताटात आहे. तिथे मी येऊ शकत नाही."

बाई हुशार आहे. पण ती आमच्या गावची नाही. आमच्याकडे भाजलेल्या डुकराचा कुठला तुकडा कुणाचा हे ठरलेलं असतं. पाठीचा तुकडा थोरल्याचा. मी तो नाकारला तर मी थोरला कसला?

२९ मार्च, फालेतोआ

घरी पोचलो. निघताना विमानतळावर भाच्यानं पिसुपोचं एक खोकं हातात कोंबलं. चोवीस डबे! "मामा, रिकाम्या हातानं गावी कसे जाल?" म्हणाला. पोराचं मन मोडवेना. बोटीवरून उतरल्याबरोबर खोकं सामानाखालून काढलं आणि घरी जायच्या आधी होडीच्या झोपडीत, जुन्या जाळ्यांखाली सरकवलं. तात्पुरतं.

गावानं स्वागत झकास केलं. गाणी झाली, बायका नाचल्या, पाद्रीबुवांनी चाळीस मिनिटं प्रार्थना केली. मग जेवण आलं. मासा, उकडलेल्या अळकुड्या, पपई. डुक्कर नाही! मी तौफालेकडे पाहिलं, त्यानं लेआसूकडे पाहिलं, लेआसूनं छताकडे पाहिलं. मी पाच आठवडे गावात नव्हतो, तेवढ्यात काहीतरी शिजलंय. डुक्कर मात्र शिजलेलं नाही.

२ एप्रिल, रविवार

नर्सच्या वहीत: पपई, एक तुकडी मासा.

इथे: एक डबा. फक्त चव बघायला उघडला होता, पण उघडा डबा उष्णतेत टिकत नाही.

८ एप्रिल

दुकानात गेलो. विकत घ्यायला नव्हे, सहज. फळीवर खारवलेल्या मांसाची बादली नाही, टर्कीची शेपटं नाहीत, पिसुपो नाही. "माल संपलाय," दुकानदार म्हणाला. केव्हा येणार विचारलं तर म्हणाला, "गिऱ्हाईकच नाही, थोरले, तर मागवू कशाला?" आमच्या गावात खारवलेल्या मांसाला गिऱ्हाईक नाही! हा मला वेडा समजतो. माल आलेला असणार आणि दुसऱ्या कुणाच्या तरी घरी पोचलेला असणार.

येताना लेआसूच्या घरावरून आलो. ते जेवायला बसले होते. मला पाहताच त्याच्या बायकोनं ताटावर केळीचं पान टाकलं. मी मुद्दाम वाकून बघितलं. खाली उकडलेली कच्ची केळी होती. उकडलेली केळी कुणी लपवतं का?

१७ एप्रिल

आता कळलं. पहाटे उजाडताना अंगणात उभा होतो. लेआसू आणि आणखी चार सरदार रस्त्यानं ताडताड चालत गेले. हातात कोयता नाही, टोपली नाही, बोलणं नाही. माझ्या नीरफणसांच्या कडेनं समुद्रापर्यंत गेले, तिथून वळले आणि त्याच पावलांनी परत आले. असं तीन वेळा. माणूस कामाशिवाय तीन वेळा एकाच वाटेनं जातो ते फक्त जमीन मोजायला.

फिलोईला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तुम्हालाही डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. जा की त्यांच्याबरोबर."

"चोरांच्या मागे मोजणीला मी जाऊ?"

तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि कपडे धुवायला गेली.

२७ एप्रिल

नर्सच्या वहीत: पपई.

इथे: पपई नाही.

६ मे, शनिवार

आज जे ऐकलं त्यानं माझी झोप उडणार आहे. होडीच्या झोपडीकडे जाताना (मी सध्या रोज सकाळी मासेमारीला जातो) खोबरं वजन करायच्या शेडमधून आवाज आले. दार लावलेलं. आत सगळे तेरा. तौफाले मोठ्यानं ओरडत होता, "लेआसू, एकशे सव्वीस!" मग सगळ्यांची कुजबुज, मग कुणीतरी म्हणालं, "मागच्या वेळी एकशे एकतीस होते, शाब्बास!" मग दुसरा, "एकशे नऊ!" त्याला टाळ्या.

बोली चाललीये. कशाची ते स्पष्टच आहे. माझ्या पदाची. फक्त एक कळत नाही, कमी आकडा बोलणाऱ्याला टाळ्या का? माझ्या पदाची किंमत इतकी उतरली?

झोपडीत जाऊन दार लावून घेतलं. डबा उघडला. दुःखात माणसाला आधार लागतो.

१९ मे

गावातली मांजरं माझ्या मागे मागे फिरतात. आज चर्चपर्यंत सात आली. पाद्रीबुवा म्हणाले, "मुक्या जनावरांनासुद्धा तुमचा लळा लागलाय." मी म्हणालो, आजारपणानं माणूस मऊ होतो, त्यांना कळतं.

रिकामे डबे कुठे टाकायचे हा नवाच घोर लागलाय. गावचा कचरा महिला समिती तपासते आणि समितीची प्रमुख माझीच बायको. सध्या सगळे एका गोणीत भरून होडीखाली ठेवलेत. गोणी खडखडते.

फिलोईनं आज विचारलं, "रोज मासेमारीला जाता, एक मासा काही घरी आला नाही?"

"समुद्र बदललाय," मी म्हणालो.

"आणि सदऱ्यावर हे तुपकट डाग?"

"समुद्र फारच बदललाय."

ती काही बोलली नाही. तीस वर्षांत मी तिला दोनदाच गप्प बसलेलं पाहिलंय.

१ जून, स्वातंत्र्यदिन

अपमान. भर गावात, शेजारच्या गावच्या पाहुण्यांसमोर.

बारा डुकरं भट्टीत लागली होती. वास असा, की मेलेला उठून बसेल. वाटे पुकारायला तौफाले उभा राहिला. पाहुण्यांचा वाटा दिला, महिलांचा दिला, तरुणांचा दिला. मग त्यानं पाठीचा तुकडा वर उचलला, माझा पिढीजात तुकडा, आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "थोरल्या मालुआफितींचा वाटा... पाद्रीबुवांच्या घरी!" लगेच बाकीच्या तेराही सरदारांचे वाटे, लेआसूच्या बरगड्यांसकट, पाहुण्यांच्या टोपल्यांत भरून टाकले. का, तर म्हणे पाहुणचार.

मी हसलो. हसताना दात करकरत होते. लेआसू माझ्या शेजारी बसला होता. बरगड्यांची टोपली समोरून गेली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मनातली बोच डोळ्यांतून वाहते म्हणतात ते खोटं नाही. माझ्या पदावर डोळा ठेवून मलाच शेजारी बसवून घेतो, मग रडू येणारच.

आणखी एक. हे सगळे सरदार अलीकडे विचित्र दिसतात. गाल बसलेत, लुंग्या ढिल्या झाल्यात, आणि एकेकाचा स्वभाव असा तिरसट झालाय की सभेत मागच्या आठवड्यात एका कोंबडीवरून दोन तास भांडले. कटकारस्थान माणसाला आतून पोखरतं. मी मात्र, देवाची कृपा, भरलो आहे.

२१ जून

आज वाचलो. अक्षराला क्षमा असावी.

सकाळी झोपडीत होतो. कालच्या सभेत माझं वाक्य लेआसूनं मधेच तोडलं होतं, "दादा, थांबलात? बरं वाटतंय ना?" म्हणून. आता मला बोलतानासुद्धा थांबू देत नाहीत. त्या रागात अख्खा डबा बोटांनीच संपवला. उठायला गेलो आणि पुन्हा तेच पोतं छातीवर. डावा हात जड. घाम. छातीत दुखलं तर मारायला बाईंनी दिलेला फवारा खिशातून काढून जिभेखाली मारला आणि जाळ्यांवर आडवा झालो.

मला भीती वाटली. फार वाटली. आपण थोरले, आपलं घराणं, आपला वाटा, यातलं काहीसुद्धा त्या वेळी आठवलं नाही. फिलोई सकाळचा चहा दोन कपांत ओतते, एवढंच सारखं डोळ्यांसमोर येत होतं. उद्या तिनं सवयीनं दोन कप भरले तर, असं मनात आलं आणि मी रडलो.

दार उघडलं. लेआसू. चालून घामाघूम झालेला.

"दादा?"

"मासे," मी म्हणालो.

"बरं," म्हणाला आणि माझं मनगट धरून खाली बसला. "दवाखान्यात नेतो."

"नको. उतरतंय. कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगत. पण पुन्हा दुखलं तर तुम्हाला विचारणार नाही. सरळ उचलणार."

तो बराच वेळ तसाच बसला. दुखणं हळूहळू ओसरलं. मग त्याची नजर डब्यावर गेली. त्यानं डबा उचलला, नाकाजवळ नेला, डोळे मिटले, आणि असा लांब श्वास घेतला की मला वाटलं आता याला पण काहीतरी होतंय. आवंढा गिळला. डबा जागच्या जागी ठेवला. मला घरापर्यंत सोडताना एका हातानं मला धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं स्वतःची लुंगी, सारखी घसरत होती.

आता मी त्याच्या मुठीत आहे. तो योग्य वेळेची वाट बघणार.

एकच डबा उरलाय. त्याला हात लावणार नाही. नर्सच्या वहीत आजच्या दिवसाला काही लिहिलं नाही.

६ जुलै

हे लिहावं लागेल. सगळं लिहावं लागेल.

महिला समितीनं आज सभागृहात तपासणी ठेवली होती. नर्स इलिसापेता यंत्रं घेऊन आली. फिलोईनं फर्मान काढलं होतं, थोरल्यांबरोबर सगळ्याच सरदारांची तपासणी होईल. एकेकाचं वजन, रक्तदाब, बोटातून रक्त. गाव भोवती बसलेलं.

नर्सनं कागद जुळवले, चष्मा पुसला, पुन्हा जुळवले. "मी यंत्र दोनदा तपासलं," ती म्हणाली. "लेआसूकाका, वजन चौदा किलो कमी. तौफालेआजोबा, तुमचा रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला आहे, गोळी निम्मी करते. तेराच्या तेरा जणांची चरबी उतरलीये. नोकरीच्या वीस वर्षांत मी असं गाव पाहिलं नाही." मग माझ्याकडे वळली. आवाज खाली आला. "आणि आजोबा, तुमची... झटका आला तेव्हा होती तेवढीच आहे. वजन तीन किलो वाढलंय. औषध सगळ्यांना लागू पडलं, फक्त ज्याला दिलं त्याला नाही."

बायका हसल्या. मग तौफाले काठी टेकत उभा राहिला आणि हसणं थांबलं.

"आता सांगायला हरकत नाही," तो म्हणाला. "अठरा फेब्रुवारीला थोरले आपल्यासमोर मरत होते आणि आपण अकरा मिनिटं माना खाली घालून बसलो. ती लाज आम्हाला झोपू देईना. ते परत आले त्या दिवशी आम्ही तेरा जणांनी पाद्रीबुवांसमोर शपथ घेतली. थोरल्यांना जे वर्ज्य ते आम्हालाही वर्ज्य, शंभर दिवस. रोज चालायचं, शनिवारी काट्यावर उभं राहायचं. त्यांना सांगायचं नाही, कारण त्यांनी मानी स्वभावानं आम्हाला मना केलं असतं. आज शंभरावा दिवस."

मला घाम फुटला. छातीत काही नव्हतं, घाम लाजेचा होता. मोजणी. बोली. केळीचं पान. आपलं सोन्यासारखं गाव, आणि मी शंभर दिवस त्याला चोर समजत होतो, चोर एकटा मीच असून.

पण खरा घाव पुढे होता. मी वाट बघत होतो, कुणीतरी आता म्हणेल, थोरले चोरून खातात. लेआसूला तर माहीत होतं. तो जमिनीकडे बघत होता. कुणी काही म्हणालं नाही. तौफालेचे डोळे भरून आले. म्हणाला, "बिचाऱ्यांचा आजारच कठीण आहे. आपली शपथ कमी पडली." त्यानं तेरा जणांकडे पाहिलं. त्या सगळ्यांनी उद्याच्यासाठी खारवलेल्या मांसाचं पिंप सांगून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं. एकेकानं डोळे मिटले, एकेकानं मान हलवली.

"आणखी शंभर दिवस," तौफाले म्हणाला.

कुणाचं तरी पोट मोठ्यानं गुरगुरलं. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून काहीही बाहेर पडलं नाही. ह्या वेळी मात्र मी खरंच विचार करत होतो.

७ जुलै

दिवसभर लेआसूला शोधत होतो. संध्याकाळी सापडला, चालत होता. "तू बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"तुमचं तुम्ही सांगायचं, दादा. मी सांगितलं तर ती चहाडी होते."

"आणि मी नाही सांगितलं तर?"

"तर आणखी शंभर दिवस," म्हणाला आणि लुंगी सावरत पुढे गेला.

८ जुलै, शनिवार

पहाटे फिलोईला उठवलं आणि म्हणालो, बारीक विणीची चटई काढ. आजीनं विणलेली, लग्नांत आणि मर्तिकांतच निघते ती. फिलोई ताडकन उठून बसली. ती चटई डोक्यावर घेऊन माणूस दुसऱ्याच्या दारात गुडघे टेकतो तो इफोगा करायला, आणि इफोगा करतात तो खुनासारख्या गुन्ह्याची माफी मागायला. समोरच्यानं चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर बसून राहायचं.

"कुणाला मारलंत?" ती कुजबुजली.

"तेवीस डबे," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

तिनं आधी बोटांवर काहीतरी मोजलं. मग हसायला लागली. हसता हसता अंथरुणावर आडवी झाली, मग रडली, मग माझ्या दंडावर एक सणसणीत चापट मारली. "तेवीस! मला सदऱ्यांवरून वाटलं होतं पाच-सहा!" मग उठून चटई काढली, आणि खिशात फवारा आहे का ते स्वतः चाचपून बघितलं.

सूर्य वर येताना मी सभागृहासमोर खडीवर गुडघे टेकले. समोर तेवीस रिकामे डबे ओळीनं मांडले आणि एक भरलेला. चटई डोक्यावरून घेतली. आत गरम होत होतं आणि जुन्या पानांचा वास येत होता. खडी गुडघ्यांत रुतत होती. हळूहळू पावलं जमली.

"कोण मेलं?" कुणीतरी विचारलं.

तौफालेची काठी जवळ आली. तो डबे मोजत होता, मोठ्यानं. एक, दोन, तीन. प्रत्येक आकड्याबरोबर मी खडीत आणखी रुतत होतो. "तेवीस," तो म्हणाला आणि मग कुणीच बोलेना. एवढी शांतता मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकत होतो, पण ह्या वेळी पुढच्या वाक्याची वाट मी बघत होतो.

"दुपारपर्यंत बसू दे तसाच," एकजण म्हणाला. "बरगड्या, लेआसू! तुझ्या बरगड्या आठव!"

"अरे, हृदयाचं दुखणं असलेला माणूस, उन्हात गेला म्हणजे?" दुसरा म्हणाला. "मर्तिकाला चाळीस डुकरं लागतील. आणि आपल्याला शपथ आहे. एक तुकडा खाता येणार नाही."

ह्यावर दुपारपर्यंतची सूचना मागे घेण्यात आली.

मग चटईची कड हलली. मला वाटलं, माफी. पण चटई वर गेली नाही. कुणीतरी वाकून आत शिरलं आणि माझ्याशेजारी गुडघे टेकले. लेआसू होता.

"तू कशाला?" मी कुजबुजलो.

"त्या दिवशी तुम्हाला घरी सोडलं ना," तो बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मग मी परत गेलो होतो. डब्याच्या कडेला थोडं उरलं होतं. बोटानं पुसून खाल्लं."

बाहेर खळबळ उडाली. मग कुणीतरी खाकरलं. "मी आपियाला लग्नाला गेलो होतो," तो आवाज म्हणाला. "तिथे त्यांनी आग्रह केला." चटईची दुसरी कड हलली आणि एक घामट खांदा माझ्या खांद्याला लागला. त्याच्यामागून आणखी एक, त्याच्या घरात नारळाचं दूध म्हणे अंधारात चुकून ताटात पडलं होतं, चार वेळा. मग कोण कोण आलं ते मोजता येईना, कारण आत अंधार होता आणि प्रत्येकाला आपलं पाप दुसऱ्यापेक्षा लहान आहे हे सांगायची घाई होती. चटई सगळ्यांना पुरेना. कुणाचं डोकं आत, कुणाचं ढुंगण बाहेर.

शेवटी बाहेर एकटा तौफाले उरला. ऐंशी वर्षांचा, काठी टेकलेला, आमच्यातला एकमेव सच्चा माणूस. मी चटईच्या विणीतून त्याचे पाय बघत होतो. पाय बराच वेळ हलले नाहीत. मग त्यानं एक सुस्कारा सोडला आणि काठी खडीवर आडवी ठेवली.

"टर्कीचं शेपूट," तो म्हणाला. "एकच. मे महिन्यात." आणि गुडघे मोडत मोडत आत आला. "सरका."

आम्ही सरकलो. चौदा माणसांचा घाम, चौदा माणसांचे श्वास, कुणाचा तरी कोपर माझ्या बरगडीत. मग लेआसूला हसू फुटलं आणि ते सगळ्यांना लागलं. मी हसत होतो की रडत होतो ते मला सांगता येत नाही. इतकी वर्षं मी ह्या लोकांच्या वर बसलो, पण इतक्या जवळ कधी बसलो नव्हतो. मला जगायचं होतं. ह्या वेड्यांबरोबर मला खूप वर्षं जगायचं होतं.

तेवढ्यात लक्षात आलं की चटई उचलायला बाहेर कुणी उरलेलं नाही.

आम्ही तसेच बसून राहिलो. पाय बधिर झाले. मग चटई एकदम वर गेली आणि डोळ्यांत ऊन शिरलं. फिलोई चटईचं टोक धरून उभी होती आणि तिच्यामागे सगळी महिला समिती, कमरेवर हात ठेवून.

"एकाला जगवायचं म्हणून कंबर कसली होती," ती म्हणाली. "हे तर चौदा निघाले. उठा. समुद्रापर्यंत तीन फेऱ्या, आणि आजपासून आम्ही पण बरोबर येणार."

आम्ही उठायला लागलो. गुडघे एकाचेही सरळ होत नव्हते, म्हणून एकमेकांना धरून उठलो.